काळ्या गाडीचा खरारा

माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. हे मी गर्वाने नाही, अनुभवाने सांगते. सोलापुरातल्या एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं हिशेब बघते आहे. कर्ज मागायला आलेला माणूस दारात चपला कशा काढतो, यावरून तो हप्ते भरणार की पत्ता बदलणार, हे मी खुर्चीतून न उठता सांगते. चपला जोडीने, भिंतीला समांतर लावणारा बुडवतो. तो सगळं ठरवून आलेला असतो. एक इकडे, एक तिकडे भिरकावून आत येणारा फेडतो. त्याला खरीच नड असते.

तर अशी मी. आणि माझ्याच दारात, माझ्याच नाकासमोर, माझ्या घरातल्या दोन पुरुषांनी मिळून एका गाडीचं जे काही केलं ते मला थांबवता आलं नाही. थांबवता आलं नाही म्हणजे, मी तिथेच उभी होते. फरशी घासायचं मशीन गाडीवर चालवायला मीच हो म्हटलं. पण ते पुढे येईल.

आधी ते दोन पुरुष सांगते.

पहिला सुबोध, माझा नवरा. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. (चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणते, घरात नावाने. आबा घरात असले की घराचंही चारचौघांत रूपांतर होतं.) स्वभाव असा की रिक्षावाल्याने जास्त मागितले तर हा आधी त्याच्या मुलांचं शिक्षण विचारतो आणि मग आणखी वर देतो. या माणसाने आयुष्यात एकच हौस केली: एका डॉक्टरांची वापरलेली गाडी घेतली. वापरलेली, पण काळीभोर. दारात उभी केली की समोरच्या कडुनिंबाचं पान न् पान तिच्यात दिसायचं. मी सांगून पाहिलं होतं, सोलापुरात काळं काही घेऊ नये, छत्रीसुद्धा. पण हौसेला सावली लागत नाही.

दुसरे आबा, माझे वडील. रावजी म्हणून मोडनिंबच्या आसपास कुणालाही विचारा, म्हशींचा माणूस म्हणून सांगतील. सगळा जन्म जनावरांत गेला. आई गेल्यावर म्हशी विकल्या, रान भावकीला वाट्याने दिलं आणि वस्तीवर एकटे राहिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण हे कुणाला कबूल करायचं नाही. शेवटी संक्रांतीच्या सुमारास भावकीतून फोन आला. चुलत्याच्या उसात म्हैस शिरली म्हणून आबांनी तिच्या पाठीत काठी घातली होती. ती पाण्याची प्लास्टिकची टाकी होती. टाकी हलेना म्हणून त्यांनी तिला आईवरून शिवीही दिली.

त्याच रविवारी आम्ही त्यांना जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळे करावे लागतील, एकेक करून. पण आधी साखर खाली आणा. म्हणजे मुक्काम वाढला. आणि इथेच खरी अडचण सुरू झाली, कारण आबांचा एक नियम आहे: लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही.

तुम्ही म्हणाल, जुन्या माणसांचं असतंच असं काहीतरी. असतं. पण जुनी माणसं पाव्हण्यासारखी दोन दिवस राहून हा नियम पाळतात. आबांना महिनेच्या महिने पाळायचा होता. मग त्यांनी तोड काढली. खायचं, पण कष्ट करून. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या चारच्या चार कुंड्या खुरपून काढल्या, इतक्या की झाडं गेली. मग दूध आणायला गेले, ते वाट चुकून विजापूर रस्त्याला लागले. भाजी निवडायला दिली तर डोळ्यांना दिसेना म्हणून पालकाबरोबर पिशवीचा बंदही चिरला. ज्या दिवशी काम जमायचं नाही, त्या दिवशी आबा अर्धीच भाकरी घ्यायचे. अर्धी मोडायचे आणि उरलेली परत टोपलीत ठेवायचे. हिशेब माझ्या रक्तात कुठून आला, हे मला त्या टोपलीकडे बघून कळलं.

आणि मग त्यांना गाडी सापडली.

एका सकाळी मी दूध तापवत होते तर बाहेरून ‘हुऽ, हुऽ, उभी ऱ्हा’ असा आवाज आला. बघते तर आबा धोतर खोचून गाडीला खरारा करत होते. खराराच तो. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा गोल गोल, दाबून, अंगातला जोर लावून. हातात शेजारच्या सिद्धारामांनी दिलेला टॉवेल. सिद्धारामांचा टॉवेलचा कारखाना आहे; जो माल खरखरीत निघतो तो ते शेजाऱ्यांना प्रेमाने वाटतात. आबांचं म्हणणं, काळं जनावर रोज हाताखालून गेलं पाहिजे, नाहीतर रया जाते. पाणी घेत नव्हते. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आल्यावरच खरं मानायचं असतं. ते लोखंडावर ओतायचं हे आबांच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. वर उन्हाळ्याची धूळ, खाली काळा रंग, मध्ये तो टॉवेल आणि त्यामागे म्हशी वाढवलेला हात.

त्या दिवशी आबांनी पूर्ण भाकरी खाल्ली. वर ठेचा मागून घेतला. मला इतकं बरं वाटलं की मी गाडीकडे बघितलंच नाही.

गाडीकडे बघितलं ते पाडव्याला. सुबोधने गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि मागे सरकून हात जोडले, तर जोडलेले हात तसेच राहिले. मला खूण करून बोलावलं. बॉनेटवर सूर्य पडला होता आणि सूर्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तसे बारीक बारीक गोल ओरखडे. डावीकडे सरकलं की जाळंही डावीकडे. दारावर तेच, छपरावर तेच. कडुनिंबाचं एकही पान आता ओळखू येत नव्हतं.

सुबोध हळू आवाजात म्हणाला, याला स्वर्ल मार्क म्हणतात. मग त्याच आवाजात, हे ओरखडे प्रत्यक्षात सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे असलेलेच तेवढे चमकतात म्हणून गोल दिसतात, हेही सांगितलं. घर जळत असेल तर हा माणूस आधी ज्वाळेचं तापमान सांगेल. शेवटी म्हणाला, “कोरड्या धुळीवर खरखरीत कापड घासलं की होतं.”

आम्ही दोघांनीही एकदमच पायरीकडे बघितलं. आबा पायरीवर बसून टॉवेल झटकत होते. इकडे शांतता पडलेली त्यांना जाणवली असावी. कान तिखट आहेत त्यांचे.

“काय झालं, जावईबापू?”

सुबोधने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा आबांकडे.

“काही नाही, मामा,” तो म्हणाला, “हार जरा वाकडा झालाय.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी या माणसाच्या नावे बरंच काही टाकून ठेवलंय. त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यावर मी माफ केलं.

त्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बैठक घेतली. मुद्दा सरळ होता. आबांना हे कळता कामा नये. कळलं तर त्यांच्या हिशेबात आजवर खाल्लेली प्रत्येक भाकरी फुकटची ठरणार, वर जावयाचं नुकसान. ते त्याच संध्याकाळच्या एसटीने मोडनिंब गाठणार आणि मग डोळा राहिला तसाच. आत्ता ते कळत नव्हतं याचं कारण एकच: त्यांना दिसत नव्हतं. आणि आम्ही तर त्यांना दिसावं म्हणूनच धडपडत होतो.

म्हणजे बघा, डोळा उघडायच्या आत गाडी नीट करायची होती.

सुबोध एका गाडी चकचकीत करून देणाऱ्या दुकानात जाऊन आला. काचेचं दार, आत गारवा, पोरांच्या अंगात एकसारखे टीशर्ट. त्यांनी जो आकडा सांगितला त्यात चांगली दुभती म्हैस आली असती, आणि आबांनी तिला खरारा केला असता तर कुणाचं नुकसानही झालं नसतं. मी म्हटलं, आपण घरीच करू. कमी खर्चात मोठं काम कसं होतं हे मी रोज ऑफिसात बघते. (ते कसं फसतं हेही तिथेच बघते. पण ते त्या वेळी आठवलं नाही.)

पहिलं पाऊल म्हणून मी टॉवेल बदलला. मऊ, गुबगुबीत, खास गाडीचं फडकं आणलं. आबांनी ते दोन बोटांत धरलं, कुरवाळलं आणि म्हणाले की हे तर हाताला मांजराच्या पिल्लासारखं चिकटतं. ते त्यांनी भाकरीच्या टोपलीत घातलं, भाकरी मऊ राहते म्हणून. टॉवेल चालूच राहिला.

मग साखर उतरली आणि उन्हाळ्याच्या ऐन भरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आबांना काळा चष्मा दिला आणि बजावलं: वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोक्यावर पाणी नाही. डोळ्याला जरा सूज आहे, थोडे दिवस धूसरच दिसेल, तपासणीला आलात की बघू. आम्हाला हवी होती ती सवड मिळाली. आबा मात्र खाटेवर बसून कासावीस. काम नाही म्हणजे अर्धी भाकरी. मी सांगून बघितलं, आजाऱ्याला नियम नसतो. त्यावर त्यांनी विचारलं, गाडी कुणी पुसली का. मुकं जनावर हाय, ते कुणाला सांगणार, असंही म्हणाले.

सुबोधने कामाला टूथपेस्टने सुरुवात केली. मोबाइलवर एका माणसाने तसं दाखवलं होतं. मोबाइलवरच्या माणसाची गाडी लाल होती हे आमच्या लक्षात आलं नाही. आमच्या काळ्या दाराचा एक कोपरा घासून घासून असा पांढुरका झाला की भस्म लावल्यासारखा दिसायला लागला, आणि गाडीला दोन दिवस लवंगेचा वास येत होता. मग त्याने स्पेअर पार्टच्या दुकानातून घासायची मलमासारखी पेस्ट आणली. ती बरी निघाली. एवढंच, की संध्याकाळभर घासलं की तळहाताएवढी जागा नितळ व्हायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता यायचं नाही. मी तळहातांचा हिशेब मांडला. त्या गतीने गाडी दिवाळीला झाली असती. आबांची तपासणी पुढच्या आठवड्यात होती.

अशा वेळी माणसाला शेजारी आठवतो. सिद्धारामांचे साडू फरशी पॉलिश करतात. शहाबादी असो की मार्बल, त्यांचं मशीन फिरलं की फरशीत माणसाचं तोंड दिसतं. सिद्धाराम कंपाउंडवर कोपर टेकून म्हणाले, “मॅडम, तुमी काळजीच करू नका की. फरशीत तोंड दिसतंय, गाडीत का दिसणार नाही? खाली लोकर लावू. दगड काढला म्हणजे झालं बघा.”

मला ते पटलं. फुकट होतं ना.

रविवारी सकाळी मशीन आलं. धुण्यासाठी मी आदल्या पाण्याच्या पाळीचे दोन बॅरल राखून ठेवले होते; त्या आठवड्यात आम्ही तिघांनी अंघोळीला तांब्यांचा हिशेब ठेवला होता. गाडी धुतली, सावलीत घेतली. सिद्धारामांनी मशीन धरायला शिकवलं आणि कारखान्यात गेले. सुबोधने बटण दाबलं तर मशीनने त्यालाच अंगणभर फिरवलं. आवाज असा की कडुनिंबावरच्या कावळ्यांनी घर सोडलं.

आतून आबांची हाक आली. कसला आवाज म्हणून विचारत होते. मी धावत आत गेले आणि सांगितलं, शेजारी फरशी घासतायत.

आबा म्हणाले, “मंग गाडीवर चादर टाक की गं. सगळा भुगा तिच्यावर बसंल.”

मला तिथे उभं राहवेना. बाहेर आले.

बाहेर चमत्कार चालला होता. बॉनेटचा मधला भाग असा निघाला होता की मला त्यात माझी हनुवटी, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, सगळं स्वच्छ दिसलं. एकही ओरखडा नाही. सुबोध घामाने निथळत हसत होता. इतकं आनंदी मी त्याला आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं. मी त्याला थांबा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “तो बाजूचा उंचवटा राहिलाय बघा. जरा दाबून घ्या.”

उंचवट्यावर रंग सगळ्यात पातळ असतो, हे मला आता माहीत आहे. मशीन तिथे टेकलं, सुबोधने दाबलं, आणि करपल्या दुधासारखा वास आला. मशीन उचललं तेव्हा काळ्याभोर बॉनेटवर पापडाएवढा पांढरट डाग होता. रंग गेला होता, त्याच्या वरचा थर गेला होता, खालचा राखाडी थर आमच्याकडे बघत होता. काळ्या बैलाच्या कपाळावर चांद असावा तसा. सुबोधने बोटाला थुंकी लावून तो पुसून बघितला. फिजिक्सचा माणूस.

त्या संध्याकाळपासून गाडीवर चादर पडली. धूळ बसू नये म्हणून, असं मी आबांना सांगितलं. ते खूश झाले. लेक आपलं ऐकते म्हणून.

तपासणीच्या दिवशी गाडी असताना रिक्षा का, असं आबांनी विचारलंच. सुबोधने बॅटरी उतरल्याचं सांगितलं. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात; देवाच्या कृपेने आबांच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा होता.

परत येताना तो नव्हता.

डॉक्टरांनी चष्मा काढला, थेंब घातले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. आबांनी ती वाचली आणि मग थांबलेच नाहीत. रिक्षा निघाली तशी रस्त्यावरची पाटी न् पाटी मोठ्याने वाचायला लागले. कापड दुकान, दातांचा दवाखाना, भाड्याने मंडप मिळेल, येथे थुंकू नये. एका भिंतीवर निवडणुकीतलं अर्धं पुसलेलं घोषवाक्य होतं, तेही पूर्ण केलं. रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. मी पदराने तोंड पुसायचं नाटक करत होते. आमच्या पाडव्याच्या बैठकीत या गोष्टीसाठी जागा नव्हती: दृष्टी परत आल्यावर माणसाला केवढा आनंद होतो, याची.

घरी आल्यावर मी म्हटलं, आबा, आत चला, ऊन आहे. आबा म्हणाले, जरा बघतो. आणि सरळ गाडीकडे गेले. बाजारातून परतलेला माणूस आधी गोठ्यात जातो तसे. चादरीचं टोक धरलं आणि ओढली.

बाराचं ऊन होतं. सोलापुरातलं.

आबांनी आधी डाग बघितला. त्यावरून बोट फिरवलं. मग नजर दारांकडे, छपराकडे गेली, जिथे मशीन पोचलंच नव्हतं. जिथे अजून सगळी जाळी तशीच होती. ते थोडे डावीकडे सरकले, जाळं डावीकडे सरकलं. त्यांनी उजवा हात हवेत गोल फिरवून बघितला, एकदाच. मग हात खाली घेतला आणि आत गेले.

मी मागे गेले तेव्हा ते खाटेवर बसून धोतराची घडी घालत होते. पिशवी उघडी होती. तेवढ्यात सुबोध आला. तो दारात थांबला नाही, सरळ आबांसमोर जमिनीवर बसला.

“मामा, तो पांढरा डाग माझा आहे. फरशीच्या मशीनने जाळला मी.”

आबांनी घडी थांबवली. “आन् ते बारीक वरखडं?”

“तेसुद्धा मीच.”

“जावईबापू,” आबा म्हणाले, “आता मला दिसतंय.”

सुबोधचे कान लाल झाले. आबांनी ते नीट बघून घेतले. पहिल्यांदाच बघत होते. मग आबा माझ्याकडे वळले आणि विचारलं की कवापासनं ठाऊक होतं. मी म्हटलं, पाडव्यापासून.

“आन् मला एका शब्दानं बोलला न्हाईत.”

“बोललो असतो तर तुम्ही राहिला असता?”

आबा उठले, परत बाहेर गेले. आम्ही मागोमाग. आबा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि डागापाशी थांबले. बॉनेटचा तो मधला नितळ भाग बघितला. त्यात त्यांना त्यांचं स्वतःचं तोंड दिसलं असावं, कारण त्यांनी मिशी नीट केली. मग डाग. मग नितळ भाग. मग पुन्हा डाग. त्यांच्या खांद्यांना काहीतरी होतंय असं वाटून मी घाबरून पुढे झाले, तर आबा हसत होते. आवाज न करता, पोट धरून. डॉक्टरांनी हसू नका असं सांगितलं नव्हतं, पण एवढं हसायची परवानगी असेल असंही मला वाटेना.

“म्या नुसतं वरखाडलं,” शेवटी त्यांना बोलता आलं. “तुमी तर सालपटच काढलं की.”

सुबोध म्हणाला, “तुम्हाला कळू नये म्हणून केलं, मामा.”

“व्हय. ते दिसतंयच.” आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात ते म्हशीशिवाय कुणाच्या पाठीवर ठेवत नाहीत. “ह्या वस्तूला तुमच्या हाती सोडून मी कुटं जाऊ, सांगा बरं. एक डोळा झाला तर एवढं दिसलं. दुसरा व्हईपतुर हितंच बसतो.”

आणि पिशवी खुंटीला परत लटकली.

मला वाटलं, संपलं. हिशेब जुळला. पण जमेच्या बाजूला जे येतं त्याचा खर्चही असतोच, हे मी विसरले होते. कारण आबा आता गाडीला हात लावत नाहीत. त्यांना दुसरं काम मिळालंय. त्यांना दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडे चांगलं निरखून बघितलं. हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि हळूच म्हणाले की, तुझं केस पिकलं की गं, कवा पिकलं? मी डोळे पुसायच्या आत ते स्वयंपाकघरात गेले होते. तिथून विचारणा आली की हे डबे कवा घासले होते. फळीवरच्या मसाल्याच्या पाकिटांवरच्या तारखा त्यांनी मोठ्याने वाचून दाखवल्या. त्यातल्या काही आमच्या गाडीपेक्षा जुन्या निघाल्या. पंख्यावरची धूळ, खिडकीच्या चौकटीतली जळमटं, फ्रिजमागे गेलेला लाटण्याचा तुकडा. सिद्धाराम चहाला आले तर त्यांच्याच टॉवेलमधलं सुटलेलं सूत त्यांना दाखवलं. काल सुबोधने तपासलेल्या उत्तरपत्रिकांत बेरजेची चूक काढली. आज सकाळी माझ्या भाकरीला भिंगातून बघावं तसं बघून म्हणाले, “ही कड कच्ची ऱ्हायली बग.” आणि ती पूर्ण खाल्ली.

दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. इतके महिने मी ज्या ऑपरेशनसाठी जीव टाकला, ते करणाऱ्या डॉक्टरांना एकदा गुपचूप भेटून विचारावं म्हणते, की एका डोळ्यावर माणसाचं भागत असेल तर उगाच घाई कशाला?